शक्तीची रोजकीर्द

हैदराबादेत नल्लकुंट्याला जे मोठे सरकारी इस्पितळ आहे, त्याचे कागदोपत्री नाव सर रोनाल्ड रॉस यांच्या स्मरणार्थ ठेवलेले असून ते चांगले लांबलचक आहे; परंतु रिक्षावाल्याला ते नाव सांगून तेथे पोहोचण्याची आशा कोणी धरू नये. शहर त्याला ‘फीवर हॉस्पिटल’ म्हणते, आणि जुन्या वस्तीतील माणसे, मग ती तेलुगू बोलणारी असोत, दक्खनी उर्दू बोलणारी असोत की मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इकडे येऊन स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील असोत, अजूनही ‘कोरंटी दवाखाना’ हेच नाव घेतात. कारण १९१५ साली ही संस्था सुरू झाली ती साथीच्या रोग्यांना गावापासून अलग ठेवण्यासाठी. ज्या रॉसचे नाव तिला पुढे मिळाले, त्याने २० ऑगस्ट १८९७ रोजी येथून फार दूर नसलेल्या बेगमपेठेत डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू ओळखले आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळविले. ज्वराची हकीकत इतक्या जवळून ठाऊक असलेली शहरे थोडीच असतील. मला जे लिहावयाचे आहे ते मात्र ज्वराविषयी नव्हे; ज्वर उतरल्यावर, किंवा ज्या व्याधी ज्वरासारख्या येऊन जात नाहीत तर मुक्कामालाच येतात त्यांच्या सहवासात, माणसाला जो थकवा घेरतो त्याविषयी आहे.

ज्वराला आकडा असतो, म्हणून त्याला मान असतो. पारा एकशेदोनवर गेला की घरातील सर्वांत करड्या स्वभावाचा माणूसही आवाज खाली आणतो, कचेरीतून रजा विनातक्रार मंजूर होते, शेजारीण मुगाच्या खिचडीचा डबा पाठविते. आणि पारा अठ्ठ्याण्णवावर उतरला की रोगी बरा झाला असा निवाडा घरचे, दारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही देऊन मोकळे होतात. थकव्याला असा आकडा नाही. तो क्ष-किरणांत उमटत नाही, लघवीच्या तपासणीत सापडत नाही, चेहऱ्यावर दिसतोच असेही नाही. आणि जे दिसत नाही ते केवळ सांगणाऱ्याच्या शब्दावर खरे मानण्याची सवय आपल्या समाजाला फारशी नाही. नल्लकुंट्याच्या दवाखान्याबाहेरील रांगेत कोणी ‘नीरसम’ म्हणतो, कोणी ‘कमजोरी’ म्हणतो, कोणी ‘अगदी गळून गेल्यासारखं होतं’ म्हणतो, आणि तिघांनाही बहुधा एकच उत्तर मिळते: होईल हळूहळू कमी, खात-पीत जा.

हळूहळू कमी होणारा थकवा असतो, हे खरे. २००५ च्या अखेरीस तेव्हाच्या अविभक्त आंध्र प्रदेशात चिकुनगुन्याची साथ उद्भवली आणि पुढच्या वर्षभरात ती कर्नाटक, महाराष्ट्र व इतर प्रांतांत पसरून २००६ साली देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यापूर्वीची या रोगाची आपल्याकडील शेवटची मोठी साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला झालेली होती. मध्ये बत्तीस वर्षे लोटल्यामुळे सामान्य लोक या रोगाचे नावही विसरले होते. २००६ च्या साथीत ताप चार-सहा दिवसांत उतरला. पण सांध्यांचे दुखणे आणि अंगातील त्राण गेल्याची भावना कित्येकांना महिनोन्‌महिने, आणि काहींना त्याहूनही दीर्घ काळ, सोडून गेली नाही. जिना चढताना मध्येच टेकणारी, भाजी आणायला निघून चौकातून परत फिरणारी, पोळीची कणीक मळता मळता हात सोडून बसणारी माणसे तेव्हा घरोघर दिसत होती. गावेच्या गावे एकाच वेळी आजारी असल्यामुळे त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याची कोणाची छाती झाली नाही, एवढेच त्यातल्या त्यात समाधान. जो माणूस एकटाच संधिवाताने, मधुमेहाने, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा ल्युपससारख्या क्वचित ऐकू येणाऱ्या व्याधीने वर्षानुवर्षे थकलेला असतो, त्याच्या वाट्याला ही सामुदायिक साक्षही येत नाही.

दिवसभर राबलेल्या माणसाचा शीण आणि या रुग्णांचा थकवा यांत महदंतर आहे. पहिला रात्रीच्या झोपेने फिटतो. दुसरा सकाळी उठताना उशाशी हजरच असतो. पहिल्याला काहीतरी कारण घडलेले असते. दुसऱ्याला स्नान हेही पुरेसे कारण होते, आणि कधीकधी तेही लागत नाही. आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून हा भेद निसटलेला नव्हता: सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात परिश्रमावाचून उद्भवणाऱ्या, धाप न लागणाऱ्या, आणि इंद्रियांना आपापल्या विषयांचे ग्रहण करू न देणाऱ्या अशा थकव्याची स्वतंत्र नोंद केलेली आढळते. वर्तमानपत्रातील एकच परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात न शिरणे, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर न येणे, दोन माणसे एकदम बोलू लागली की उठून जावेसे वाटणे, ही आजच्या रुग्णांची जी तक्रार असते तिच्याशी ही शेवटची खूण चांगलीच जुळते.

हे घडते कसे, याचा उलगडा गेल्या चाळीसेक वर्षांत बऱ्याच अंशी झालेला आहे. शरीरात जंतू शिरले, अथवा संधिवातात घडते त्याप्रमाणे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर चालून गेली, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी परस्परांना सूचना देणारी काही प्रथिने सोडतात. इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन, टीएनएफ अशी त्यांची नावे वाचकाने लक्षात ठेवलीच पाहिजेत असे नाही. या सूचना मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि मेंदू त्यांचा अर्थ असा लावतो की लढाई जुंपलेली असून बाकीचे सर्व खर्च तूर्त तहकूब केले पाहिजेत. भूक मंदावते, हालचाल नकोशी होते, माणसांची संगत टाळावीशी वाटते, झोप येते पण विश्रांती मिळत नाही. आजारी पडलेले जनावर गोठ्याच्या कोपऱ्यात निपचित पडून राहते ते याच हुकुमामुळे, आणि चार दिवसांच्या दुखण्यात तो हुकूम शहाणपणाचाच असतो. दीर्घ व्याधीत मात्र लढाई संपत नाही आणि हुकूम मागे घेतला जात नाही. याची एक मोठी बोलकी साक्ष यकृताच्या उपचारांतून मिळाली: हेपेटायटिस सी या रोगावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, आणि ती सुरू होताच कालपर्यंत कामावर जाणारी माणसे अंथरुणाला खिळल्यासारखी थकून जात. जी गोष्ट सुईवाटे शरीरात घालता येते तिला आळस म्हणणे, मनाचा खेळ म्हणणे, अथवा ‘जरा बाहेर फिरून ये, बरं वाटेल’ अशा सल्ल्याने तिची बोळवण करणे अज्ञानाचे आहे.

तथापि प्रत्येक थकवा याच एका कारणाने येतो असे समजून स्वस्थ बसणे हीही तितकीच मोठी चूक ठरेल. कारण दीर्घ आजाराच्या पोटात इतर लहान आजार दडी मारून बसलेले असतात, आणि त्यांपैकी कित्येक स्वस्तात बरे होण्याजोगे असतात. मूत्रपिंडे दुबळी झाली की रक्तपेशी तयार करण्याची सूचना देणारे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक कमी पडते व रक्त पातळ होते. त्यावर इंजेक्शन आहे. आपल्या देशात तर रक्तक्षयाला मूत्रपिंडाच्या रोगाचीही गरज नसते; २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याचे बी-१२ जीवनसत्त्व घसरू शकते, आणि तो शाकाहारी असेल तर ही शक्यता आणखी वाढते. थायरॉइड ग्रंथी मंद झाली, रात्री घोरता घोरता श्वास अडकून झोप शंभर ठिकाणी तुटू लागली, रक्तदाबाची किंवा सर्दी-खाजेची गोळी सुस्ती आणू लागली, साखर वरखाली होऊ लागली, तरी तक्रार एकच असते: थकवा. वेदनेने झोप न लागणाऱ्याला झोपेच्या गोळीपेक्षा वेदनेच्या बंदोबस्ताची गरज असते. ही सगळी झडती आधी घेतली पाहिजे, आणि ती एकदा घेऊन संपत नाही. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते.

या झडतीऐवजी आपल्याकडे बाटली चढविण्याची जी प्रथा पडून गेली आहे, तिच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘डॉक्टरसाहेब, एक ग्लुकोज लावून टाका’ अशी विनंती करणारे रुग्ण आणि ती आनंदाने मान्य करणारे लहान दवाखाने केवळ हैदराबादेत नाहीत, नांदेड-परभणीलाही आहेत. अर्ध्या लिटरच्या ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तिच्यापासून मिळणारी उष्णता शंभर कॅलरींच्या आतच राहते, म्हणजे एका बेताच्या पोळीइतकीही धड नाही. जुलाब-वांतीने पाणी गेलेल्याला, तोंडाने काही घेता न येणाऱ्याला सलाइन जीवदान देते. परंतु दीर्घकाळ थकलेल्या माणसाला जे बरे वाटते ते बहुधा त्या तासाभरात पंख्याखाली कोणीही काम न सांगता निजावयास मिळाल्यामुळे. ती पोळी घरी खावी आणि ती निद्राही घरीच घ्यावी. मधुमेह्याने तर ही हौस करूच नये.

येथे मला नामदार गोखल्यांची आठवण होते. गोपाळ कृष्ण गोखले मधुमेहाने ग्रस्त होते, आणि तेव्हा इन्शुलिन नव्हते. ते टोरांटोला १९२१ साली हाती लागले व १९२२ च्या जानेवारीत प्रथम रुग्णाला टोचले गेले. अशा प्रकृतीच्या माणसाने १९१२ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, त्याच सुमारास सरकारी नोकऱ्यांविषयीच्या रॉयल कमिशनाचे सभासदत्व पत्करून हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्ये येरझाऱ्या घातल्या, आणि १९१४ साली प्रकृतीसाठी फ्रान्सात गेले असता महायुद्ध भडकून ते पॅरिसमध्ये अडकले. १९१५ च्या आरंभी गांधी पुण्यास आले तेव्हा भारत सेवक समाजाच्या आवारात त्यांच्यासाठी शेंगदाणे, खजूर व फळे यांचा साधा उपाहार ठेवलेला होता. ती जागा गोखल्यांच्या खोलीपासून काही पावलांवर होती. पण तेवढे अंतर चालण्याचीही त्यांची अवस्था नव्हती. प्रेमापोटी ते आलेच. येताच त्यांना मूर्च्छा आली व उचलून न्यावे लागले, आणि शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठविला की कार्यक्रम थांबवू नये. ही हकीकत गांधींनी आपल्या आत्मकथेत नमूद केली आहे, आणि अशी मूर्च्छा त्यांना नवीन नव्हती असेही ते सांगतात. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

हा प्रसंग आपण मुलांना सांगतो तो त्यागाचा नमुना म्हणून, आणि गोखल्यांच्या थोरवीबद्दल कोणाला शंका असण्याचे कारण नाही. पण रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात भयानक असे काही आहे. चंदनासारखे झिजावे हे आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या आदराने सांगितले जाते की जो झिजण्याचे नाकारतो, किंवा हिशेबाने झिजू म्हणतो, त्याला आपण मनातल्या मनात स्वार्थी ठरवून टाकतो. संधिवाताने बोटे आखडलेली सून सकाळच्या स्वयंपाकानंतर अर्धा तास आडवी झाली तर तिला कोणी काही बोलेलच असे नाही. ती स्वतःच स्वतःला बोलून घेते, आणि म्हणून आडवी होत नाही. संध्याकाळी ती कोसळते, तेव्हा सगळे हळहळतात. कोसळल्यावर मिळणारी सहानुभूती आणि कोसळू नये म्हणून घेतलेल्या विश्रांतीला मिळणारा संशय, या दोहोंमध्ये आपल्या कुटुंबव्यवस्थेतील एक मोठा अन्याय सामावलेला आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट उदाहरण हवे असेल तर तेही त्याच काळातील आहे. टिळकांना मंडालेच्या तुरुंगात मधुमेहाने ग्रासलेले होते. तेथे त्यांनी आहाराचे कडक पथ्य पाळले, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. तुरुंगवासाची शिफारस कोणी करणार नाही. तरीपण जेवणाची वेळ ठरलेली, निजण्याची ठरलेली, आणि ‘बळवंतराव, दोनच मिनिटं’ म्हणून ओसरीवर ठाण मांडणारे कोणी नाही, ही सोय त्यांना पुण्यात कोण करून देणार होते?

पुण्यात किंवा नल्लकुंट्यात राहून ती सोय आपली आपणच करून घेण्याचा जो उपाय आज जगभरचे जाणते चिकित्सक सांगतात, तो आपल्या जुन्या पेढीवरील रोजकीर्दीसारखा आहे. सकाळी हाती शिल्लक किती, दिवसात नावे काय पडले, जमा काय झाले, हे लिहिल्यावाचून मुनीम दिवा मालवीत नसे. दीर्घ आजारी माणसाची आरंभीची शिल्लक थोडी असते आणि ती दररोज सारखी नसते. पण त्याहूनही घातक गोष्ट अशी की त्याला उधार सहज मिळते आणि व्याज मात्र पठाणी लागते. एखाद्या दिवशी बरे वाटले की साचलेले सर्व काम त्याच दिवशी उरकून घेण्याचा मोह होतो: कपाट आवरले जाते, बँकेत जाऊन येणे होते, माहेरच्या माणसांना जेवायला बोलावले जाते, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर जातात. मग पुन्हा बरा दिवस, पुन्हा उधळण, पुन्हा दिवाळे. म्हणून पंधरा दिवस एका साध्या वहीत कोणते काम केले, ते किती वेळ चालले, त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले, एवढे लिहून पाहावे. पुष्कळांना तेव्हा प्रथमच उमगते की स्वयंपाकापेक्षा गरम पाण्याची उभ्याने केलेली अंघोळ त्यांना अधिक महाग पडते, किंवा बाजारात जाण्यापेक्षा टेलिफोनवर तासभर नातेवाइकांची समजूत घालणे. मनाचे कष्ट आणि भावनेचे कष्ट त्याच खात्यातून वजा होतात. आपण खरोखरच थकलो आहोत हे चारचौघांना पटवून देण्याची दगदगही त्यातूनच जाते.

खर्चाचा अंदाज आला की बऱ्या दिवसाच्या नव्हे, सर्वसाधारण दिवसाच्या शिलकीवर दिनक्रम बेतावा, आणि तोही थोडी गंगाजळी राखून. थकल्यावर विश्रांती घ्यावी हा नियम निरोग्यांचा. रुग्णाने थकण्याआधी घ्यावी. ती लांबलचक असण्याची जरुरी नाही; पंधरा मिनिटे डोळे मिटून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, घरातील टीव्हीचा आवाज बंद करून पडून राहिले तर पुरते, आणि मालिका बघत लोळण्याने मात्र पुरत नाही. दुपारी दोन-दोन तास गाढ झोपणाऱ्याची रात्र बिघडते, हेही ध्यानात ठेवावे. भाजी ओट्याशी उभ्याने चिरण्याऐवजी टेबलाशी बसून चिरावी, न्हाणीघरात प्लास्टिकचे स्टूल ठेवावे, अंघोळ सकाळच्या गर्दीतून काढून संध्याकाळवर न्यावी, रोज लागणारी भांडी कमरेच्या उंचीवर आणावीत, इडलीचे पीठ कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत घ्यावे. विकतचे पीठ आणल्याने घराण्याची अब्रू जात नाही. हैदराबादेत तर शेजारपाजारी निम्मी बिऱ्हाडे तेच आणतात.

व्यायामाविषयी वैद्यकातच एक मोठा वाद होऊन गेला, तो वाचकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. संधिवात, मधुमेह, हृदयविकार, कर्करोगाचे उपचार यांनी आलेल्या थकव्यात बेताबेताने वाढविलेले चालणे व स्नायूंचे हलके व्यायाम थकवा कमी करतात, याविषयी फारसा मतभेद नाही. कारण अंथरुणाला टेकलेले स्नायू झपाट्याने झडतात आणि मग उठून बसण्यालाही अधिक शक्ती लागते. परंतु ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी एमई किंवा सीएफएस म्हणतात, त्या विषाणुजन्य तापानंतर पुष्कळदा सुरू होणाऱ्या व्याधीत, आणि कोविडनंतर दीर्घकाळ आजारी राहिलेल्या अनेकांत, श्रमांचा परिणाम त्याच क्षणी न दिसता एक-दोन दिवसांनी उसळून येतो आणि माणूस पूर्वीपेक्षा खाली जातो. अशांना दर आठवड्याला ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवीत नेण्याचा सल्ला इंग्लंडातील नाइस या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २००७ साली दिलेला होता; रुग्णांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात त्या संस्थेने तो मागे घेतला. चौदा वर्षे रुग्ण खरे सांगत होते. म्हणून ‘उठा, चाला, हिंडा’ हा उपदेश करण्यापूर्वी काल केलेल्या कामाचा आज काय परिणाम झाला हे विचारावे; ज्याला दुसऱ्या दिवशी मोठी किंमत द्यावी लागते त्याचे गणित वेगळे आहे.

हैदराबादच्या एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरील छप्पर रात्री अकरापर्यंत तापलेले असते, तेव्हा ही किंमत आणखी चढते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या रोगात शरीराचे उष्णतामान थोडे वाढले तरी दृष्टी अंधुक होते व हातपाय गळतात; श्रमानंतर अशी दृष्टी मंदावते ही गोष्ट ऊटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० सालीच टिपून ठेवलेली आहे. अशा रुग्णांनी, आणि खरे तर सर्वच दीर्घ रुग्णांनी, बाहेरची कामे सकाळी आटोपावीत, ओल्या पंचाने मान-हात पुसावेत, आणि परीक्षा, लग्ने व यात्रा यांचा उन्हाळी हंगाम आपल्याला लागू नाही असे निःसंकोच जाहीर करावे.

जाहीर करणे हेच अवघड. ‘सकाळी तर चांगली दिसत होतीस!’ हे वाक्य ज्या रुग्णाने ऐकलेले नाही असा रुग्ण मला भेटलेला नाही. सकाळी ती चांगली दिसत होती, कारण सकाळी तिच्यापाशी शिल्लक होती. ती कोठे गेली हे विचारणारा पाहिजे. घरच्यांनी ‘आराम कर’ असे सांगण्यापेक्षा ‘आज पाणी मी भरतो’ असे म्हणावे. पहिले वाक्य फुकटचे आहे, आणि पुष्कळदा आराम करण्याचे कामही रुग्णावरच टाकते. पाहुण्यांना वेळ देताना उठण्याची वेळही सांगून ठेवावी. गौरी-गणपतीचा थाट अर्ध्यावर आणण्याची तजवीज सासूबाईंनी स्वतः केली तर सुनेला जे वाटते त्याला औषध म्हणावयास हरकत नाही. आणि हे केवळ स्त्रियांपुरते नाही: घरचा कर्ता पुरुष डायलिसिसच्या चार तासांनंतर घरी येतो तेव्हा त्याला हिशेब, भाडेकरू आणि मुलाची फी या तीन विषयांपासून दुसऱ्या दिवसापर्यंत सूट असावी.

नोकरीच्या ठिकाणी अशी सूट मागणे बहुतेकांना लाजिरवाणे वाटते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची गणना आहे त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारख्या दीर्घ व्याधी आलेल्या आहेत, आणि सरकारी आस्थापनांनी अशा कर्मचाऱ्यांना कामात रास्त सोयी करून देणे त्या कायद्याने बंधनकारक केलेले आहे. मधुमेह किंवा संधिवात हे त्या यादीत नावानिशी नाहीत. पण साहेबाकडे लेखी अर्ज करून कामाची वेळ तासभर पुढे ओढणे, तळमजल्यावरील टेबल मागणे, दुपारी वीस मिनिटांची मोकळीक मागणे, यांना कायद्याची वाट पाहावी लागत नाही. अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा, आणि त्या दाखल्यात केवळ रोगाचे नाव न घालता रोगामुळे काय करता येत नाही ते स्पष्ट लिहून घ्यावे.

मन थकणे आणि शरीर थकणे यांचा गुंता मात्र घरच्या घरी सोडविण्याचा प्रयत्न करू नये. स्थूलमानाने एवढे सांगता येईल की ज्याला नाटकाला जावेसे वाटते पण जाण्याचे त्राण नाही त्याचा थकवा एक, आणि ज्याला नाटक, नातवंडे, जेवण यांपैकी कशाचीच इच्छा उरलेली नाही त्याचा दुसरा. दुसऱ्यात नैराश्याची शंका घ्यावी, आणि दोन्ही एकत्र नांदू शकतात हेही जाणावे. नैराश्याला उपचार आहेत, आणि ते घेतल्याने मूळ आजार काल्पनिक ठरत नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. सरकारी दवाखान्यात काय किंवा खासगीत काय, डॉक्टरांपाशी आपल्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात, आणि त्यांत ‘फार अशक्तपणा आहे’ एवढे सांगितले तर टॉनिकच लिहून मिळते. त्याऐवजी कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: सहा महिन्यांपूर्वी कोणती कामे होत होती, आज त्यांपैकी कोणती होत नाहीत, झोप किती व कशी, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे, आयुर्वेदिक व दुकानातून परस्पर आणलेल्या धरून, आणि रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर व मूत्रपिंडांची तपासणी शेवटची केव्हा झाली. थकव्याबरोबर वजन उतरत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर वही, रोजकीर्द आणि हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.